मेरेवर बसलेला तीन नंबर

गोल झाला तेव्हा मी आयोजकांच्या मांडवात बसलो होतो. हातात चहाचा कागदी कप. पुढची बारा मिनिटं तो कप मी ना तोंडाला लावला ना खाली ठेवला, हे नंतर मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसलं. तेवढ्या वेळात एका लाइन्समनच्या छातीवर हात पडला, एक लाल कार्ड निघालं आणि एका संघाचे उरलेले दहा जण मेर ओलांडून घरच्या वाटेला लागले. शेताच्या बांधाला आमच्याकडे मेर म्हणतात. या प्रकरणात मेरेचा वाटा मोठा आहे.

प्रकरण फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या स्पर्धेतलं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापून झालं की ज्या शेतांत वायंगण, म्हणजे त्यानंतरचं दुसरं पीक, घेत नाहीत ती शेतं उन्हाळ्यात आमची मैदानं होतात. ढेकळं फोडायची, रोलर फिरवायचा, चुन्याने रेषा मारायच्या, पणजीकडून रेफरी बोलवायचे. तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. गोव्याचा फुटबॉल म्हटला की लोकांना सासष्टी आणि फातोर्ड्याचं स्टेडियम आठवतं, फोंडा म्हटलं की देवळं आणि संगीत नाटक. पण एप्रिलच्या संध्याकाळी आमच्या शेतात येऊन उभे राहा, म्हणजे समजेल.

स्पर्धेच्या शिस्तपालन समितीत आम्ही तिघं होतो. मी, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेला. फोंडा कोर्टात वकिली करणाऱ्या एक बाई. आणि स्पर्धेचे जुने सेक्रेटरी, ज्यांना सगळा गाव नुसतं ‘बाब’ म्हणतो. बाब तरुणपणी गोली, म्हणजे गोलकीपर, होते. ब्रह्मानंद शंखवाळकर त्यांचं दैवत. १९८३-८४ ला शंखवाळकरांच्या कप्तानीखाली गोव्याने संतोष ट्रॉफी आणली तेव्हापासून फुटबॉलमधली कुठलीही गोष्ट बाब गोलीपासून सांगायला सुरुवात करतात. २०२२ ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांनी वाड्यावर पेढे वाटले होते, जणू घरातच आली.

हे सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण त्या आठवड्यात या विषयावर गावात सगळ्यांत ठामपणे मी बोललो, आणि मी चुकीचा होतो.

त्या सात-आठ सेकंदांत

उपांत्य सामना. १-१. शेवटची सहा मिनिटं. निळ्या संघाला डावीकडून कॉर्नर.

कॉर्नर आत आला आणि गोलसमोर गर्दी झाली. पिवळ्या संघाचा तीन नंबर, म्हणजे लेफ्ट बॅक, या झटापटीत घसरला आणि गोललाइन ओलांडून थेट मेरेपर्यंत गेला. आमच्या मैदानाच्या त्या टोकाला गोललाइन आणि मेर यांच्यात जेमतेम दोन पावलांची जागा होती. पोरगा उठला, पण आत आला नाही. मेरेवर बसला आणि एका पायातला बूट काढू लागला.

इकडे पिवळ्यांच्या चार नंबरने, स्टॉपरने (मधल्या बचावपटूने), उंच उडी मारून चेंडू डोक्याने बाहेर काढला. चांगला जोरकस हेडर होता. मैदानाच्या मध्याकडे गेला आणि भुशावर पडला. भुसा म्हणजे काय ते सांगतो. शेजारच्या बागायतीच्या पाइपातून पाणी झिरपून तिथे चिखल होतो, म्हणून आम्ही दर सामन्याआधी लाकडाचा भुसा टाकतो. दोन घमेली. त्या भुशावर चेंडू मेल्यासारखा थांबला. निळ्यांचा आठ नंबर तिथेच होता. दरम्यान स्टॉपर ‘बाहेर, बाहेर!’ ओरडत आपली सगळी फळी पुढे घेऊन आला. आठ नंबरने मान वर केली आणि चेंडू उचलून पुन्हा गोलसमोर टाकला. तिथे निळ्यांचा नऊ नंबर एकटा. समोर लाइनवर गोली. दुसरं कोणी नाही. नऊ नंबरने छातीवर घेतला आणि मारला.

लाइन्समनचा बावटा खालीच. रेफरीने मध्याकडे हात केला. गोल.

तिठ्यावरची कचेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी तिठ्यावरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खाणाऱ्या प्रत्येकाकडे एक निकाल होता.

बहुतेकांचं म्हणणं सोपं. नऊ नंबर ‘लास्ट डिफेंडर’च्या पुढे होता, म्हणजे ऑफसाइड. या ‘लास्ट डिफेंडर’ शब्दाने आमच्याकडे फार नुकसान केलं आहे. टीव्हीवर ऐकून तो पोरांच्या तोंडी बसला आहे. नियमात डिफेंडर नाही आणि गोलीही नाही. नियमात आहे प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटून दुसरा, मग तो कोणीही असो. आपल्या माणसाने चेंडू खेळला त्या क्षणी समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात जो चेंडूच्या आणि त्या शेवटून दुसऱ्याच्याही पुढे, गोलच्या जवळ असेल, तो ऑफसाइड. गोली बहुतेक वेळा सगळ्यांत मागे असतो म्हणून ‘गोली आणि एक डिफेंडर’ असं समीकरण चालून जातं. ज्या दिवशी गोलीच्याही मागे कोणी असतं त्या दिवशी ते कोलमडतं. (१९२५ पर्यंत दोन नव्हे, तीन माणसं लागत. दोन केली आणि इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये एका मोसमात ११९२ गोलांचे १७०३ झाले. बाब म्हणतात, गोलींवरच्या अत्याचारांची सुरुवात तिथून झाली.)

एकाने सांगितलं की कॉर्नरवर ऑफसाइड नसतोच, मग वाद कसला? हेही अर्धंच खरं. कॉर्नर, थ्रो-इन आणि गोलकिक यांतून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नाही. पण इथे कॉर्नर संपला होता. चेंडू बाहेर गेला, आठ नंबरने पुन्हा खेळला, आणि आठ नंबरचा पाय लागला तो क्षण मोजायचा. अर्जेंटिनाची जर्सी घातलेला एक पोरगा कतारच्या विश्वचषकाची आठवण घेऊन बसला होता. २०२२ ला सौदी अरेबियाविरुद्ध पहिल्याच हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले होते आणि तो सल त्याच्या मनातून गेलेला नाही. तिथे छताखाली बारा खास कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू ते टिपत होते, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. आमच्याकडे एकच मोबाइल होता, ऑम्लेट-पावच्या गाड्यावर उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाचा. चित्रणाच्या खालच्या कोपऱ्यात त्याची प्लेट दिसते.

खरा मुद्दा कोपऱ्यातल्या टेबलावर निघाला. मेरेवर बसलेल्या तीन नंबरचं काय? त्याला मोजायचं की नाही? ‘पडलेल्या माणसाला कोण मोजतो, भाऊ?’ असं एक जण म्हणाला, आणि मग सगळे माझ्याकडे वळले. ‘सर, तुम्ही सांगा.’

मी सांगितलं. थोडा खाकरलो असेनही. ९ जून २००८, युरो स्पर्धा, स्वित्झर्लंडमधलं बर्न शहर. हॉलंड विरुद्ध इटली. इटलीचा पानुची आपल्याच गोलीच्या, बुफोनच्या धक्क्याने गोललाइनीपलीकडे जाऊन पडला होता. हॉलंडच्या व्हॅन निस्टलरॉयने गोल केला तेव्हा त्याच्या आणि गोललाइनीच्या मध्ये मैदानावर एकटा बुफोन. सगळी इटली ओरडली. पण स्वीडनच्या रेफरीने गोल दिला आणि युरोपच्या संघटनेनेही नंतर तो बरोबर ठरवला. कारण रेफरीच्या परवानगीशिवाय मैदानाबाहेर गेलेला बचावपटू ऑफसाइडपुरता गोललाइनीवर उभा आहे असंच धरतात. तसं नसतं तर बचावफळीने आयत्या वेळी लाइनीबाहेर उडी मारून कोणालाही ऑफसाइड केलं असतं. म्हणजे पानुची शेवटचा, बुफोन शेवटून दुसरा, आणि निस्टलरॉय बुफोनच्या अलीकडे. आपल्याकडे तीन नंबर पानुची, नऊ नंबर निस्टलरॉय. गोल शंभर टक्के बरोबर. विषय संपला.

हॉटेलवाल्याने माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

वकीलबाईंचा फोन

रात्री साडेनऊला फोन आला. ‘सर, तुम्ही सकाळी सांगितलात तो नियम कोणत्या सालचा?’

‘साल कसलं? नियम तो नियम.’

‘मी सध्याचं पुस्तक उघडून बसले आहे. तुमच्या वाक्याला पुढे शेपूट आहे.’

शेपूट असं. मैदानाबाहेर गेलेला बचावपटू गोललाइनीवर धरायचा, पण खेळ थांबेपर्यंत, किंवा बचाव करणाऱ्या संघाने चेंडू मध्यरेषेच्या दिशेने खेळून तो पेनल्टी एरियाच्या बाहेर जाईपर्यंतच. हा दुसरा भाग पानुचीच्या वेळी नव्हता. २०१६ ला नियमांचं पुस्तक नव्याने लिहिलं गेलं तेव्हा तो आला. त्यामागचा विचार सरळ आहे. बचाव करणाऱ्यांनी चेंडू बाहेर काढला, म्हणजे त्या चढाईचा धोका टळला. आता बाहेर पडलेल्या एका माणसाच्या जिवावर समोरच्या संघाने पुढची चढाईही फुकटात का करावी?

मी पंधरा वर्षं मुलांना जुनाच नियम शिकवत आलो होतो. नियमांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती दरवर्षी १ जुलैपासून लागू होते, हे मला ठाऊक होतं. फक्त ती उघडली नव्हती.

मग दोन प्रश्न राहिले. हेडर मध्यरेषेकडे गेला होता का? गेला होता, त्याबद्दल निळेही भांडले नाहीत. चेंडू चार नंबरच्या डोक्यावर नुसता आदळला नव्हता, त्याने तो मारला होता. आणि चेंडू पेनल्टी एरियाबाहेर गेला होता का? इथे खरी अडचण. सामना संपेस्तोवर चुन्याची ती रेषा बुटांखाली पुसून गेली होती. पण भुसा जागच्या जागी होता. सकाळी सहाला बाब आणि मी टेप घेऊन शेतात गेलो. दव पडून भुसा काळपट झाला होता. मैदान लहान असल्यामुळे आम्ही पेनल्टी एरिया साडेसोळा मीटरचा आखत नाही, चौदाचा आखतो. गोललाइनीपासून भुशाच्या जवळच्या कडेपर्यंत टेप लावली. एकोणीस मीटर आणि वर काही बोटं.

म्हणजे चेंडू भुशावर आला त्या क्षणी तीन नंबर हिशोबातून बाद झाला होता. आठ नंबरने चेंडू उचलला तेव्हा निव्वळ मैदानावरची माणसं मोजायची. शेवटचा गोली, शेवटून दुसरा स्टॉपर, आणि नऊ नंबर स्टॉपरच्या चांगला चार पावलं पुढे. सरळ सरळ ऑफसाइड. तिठ्यावर ‘लास्ट डिफेंडर’ म्हणणारे चुकीच्या कारणाने बरोबर निघाले, आणि मी अस्सल दाखला देऊन चुकलो.

बाबांनी टेप गुंडाळली आणि म्हणाले, ‘आता चहाचे पैसे देऊन ये.’

लाइन्समनशी मी फोनवर बोललो. वास्कोकडचा माणूस, शांत. ‘हांवें तीन नंबराक मेजिल्लो,’ तो म्हणाला. मी तीन नंबरला मोजलं होतं. म्हणजे त्याने निष्काळजीपणा केला नव्हता. मेरेवरचा पोरगा त्याने पाहिला होता, ध्यानात ठेवला होता आणि दोन सेकंदांत नियमही लावला होता. फक्त तो नियम माझ्यासारखाच जुना होता. शेपूट वाचून दाखवल्यावर पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्याने ते पान पाठवायला सांगितलं.

बारा मिनिटं

इथवर प्रकरण ऑफसाइडचं. पण आमच्या समितीपुढे ते ऑफसाइड म्हणून आलंच नव्हतं. आलं होतं लाल कार्ड आणि सोडून दिलेला सामना.

व्हिडिओत क्रम स्पष्ट आहे. गोल दिल्यावर पिवळ्यांचे सहा-सात जण लाइन्समनकडे धावले. सगळे एकदम बोलत होते. २०२४ च्या युरोमध्ये रेफरीशी फक्त कर्णधाराने बोलायचं असा दंडक घातला होता. आमच्याकडे कर्णधार सोडून सगळे बोलतात. कर्णधार त्या वेळी आपल्या गोलीला शिव्या देत होता. चार नंबर सगळ्यांत पुढे. लाइन्समनने मागे सरायची खूण केली, आणि चार नंबरने उघड्या पंजाने त्याला छातीवर ढकललं. फार जोरात नाही. पण बावटा हातातून पडला, आणि तो पडलेला पाहून प्रेक्षकांतून जो आवाज उठला, त्याने पुढचं सगळं ठरवलं. लाल कार्ड. मग ‘चला रे, खेळायचंच नाही’ असं कोणीतरी म्हणालं आणि दहा जण निघाले. रेफरीने थांबून वाट पाहिली, दोनदा माणूस पाठवला, शेवटी सामना संपवला.

वकीलबाईंनी या बारा मिनिटांवर बोट ठेवलं. नियम असा आहे की खेळ पुन्हा सुरू झालेला नाही तोपर्यंत रेफरी आपला निर्णय बदलू शकतो. गोलनंतरची मध्यरेषेवरची किक झालेलीच नव्हती. बारा मिनिटं दार उघडं होतं. शेपटाची गोष्ट माहीत असलेल्या एकाने जरी जाऊन सांगितलं असतं, ‘सर, हेडर पेनल्टी एरियाबाहेर गेला होता,’ तरी लाइन्समनला विचार करायला कारण मिळालं असतं. तसा माणूस मैदानावर नव्हता, हे खरं. पण बावटा पडल्यावर तसा माणूस आला असता तरी त्याचं ऐकायला रेफरी मोकळा नव्हता. त्याच्यापुढे गोलचा प्रश्नच उरला नव्हता. सामना सोडला तेव्हा ते दारही बंद झालं.

आणखी एक दार होतं. आमच्या एकपानी नियमावलीत प्रोटेस्टची तरतूद आहे. सामना संपल्यापासून दोन तासांत लेखी अर्ज, सोबत हजार रुपये. रेफरीने जे पाहिलं त्यावर वाद घालता येत नाही, चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही वगैरे. ते अंतिम. पण नियमच चुकीचा लावला असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते. वकीलबाईंनी २००५ चं उदाहरण शोधलं. विश्वचषक पात्रता सामना, उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन. उझबेकिस्तानला पेनल्टी मिळाली, गोल झाला, पण त्यांचाच एक खेळाडू आधी आत घुसला होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा वेळी पेनल्टी पुन्हा घ्यायची असे. जपानी रेफरीने ती न घेता बहरीनला फ्री किक दिली. सामना उझबेकिस्तानने १-० जिंकला, तरी तक्रार केली. त्यांना ३-० हवं होतं. फिफाने चूक नियमाची आहे असं धरून अख्खा सामनाच रद्द केला आणि पुन्हा खेळवला. तो १-१ सुटला, परतीचा ०-०, आणि बहरीनने परक्या मैदानावर केलेल्या गोलमुळे उझबेकिस्तान बाहेर. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती दोनदा सांगायला लावली.

पण मार्ग तो होता. पिवळ्यांनी उरलेली सहा मिनिटं खेळून काढली असती, हजार रुपये भरले असते, तर सामना पुन्हा घ्यायच्या बाजूने आम्ही तिघांनीही मत दिलं असतं. मी तर नक्कीच.

कोणाला किती

संघाचा प्रश्न लवकर सुटला. मैदान सोडलं तर सामना गेला, अनामत जप्त. मोठ्या ठिकाणी याची किंमत मोठी असते. ३ मार्च २०२३ ला बेंगळुरूत सुनील छेत्रीच्या झटपट फ्री किकवरून केरळा ब्लास्टर्सने सामना सोडला तेव्हा भारतीय महासंघाने क्लबला चार कोटींचा दंड केला आणि प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी घातली. आमची अनामत दोन हजारांची. पुढच्या वर्षी प्रवेश द्यायचा, यावर एकमत झालं. गावात संघच किती.

चार नंबरवर मात्र तीन बैठका झाल्या.

बाबांना कायमची बंदी हवी होती. त्यांचं एकच म्हणणं. आज रेफरीला हात लागला आणि आपण गप्प बसलो तर उद्या आपल्या शेतात रेफरी येणार नाहीत. ते बरोबर होतं. एका मोसमासाठी रेफरी जमवताना काय दमछाक होते ती मला ठाऊक आहे. माझा जीव मात्र खालीवर होत होता. पोरगा माझा विद्यार्थी. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टने कामाला जातो. आणि तो बरोबर होता. मी म्हणालो, ‘ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्याच्या रागाला थोडी सवलत नको का?’

वकीलबाई म्हणाल्या, ‘त्याला तरी तेव्हा कुठे माहीत होतं तो बरोबर आहे म्हणून? तुम्हाला नव्हतं, लाइन्समनला नव्हतं. त्याने नियम माहीत होता म्हणून ढकललं नाही. गोल नाकारला असता तर निळ्यांच्या कोणीतरी ढकललं असतं, आणि तोही तितकाच खात्रीने.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग दाखले निघाले. २०१७ ला स्पॅनिश सुपर कपमध्ये रोनाल्डोने रेफरीला पाठीमागून ढकललं, एकूण पाच सामन्यांची बंदी. (कळंगुटला ज्याचा पुतळा आहे, तोच. चार नंबरच्या दुचाकीवर त्याचा स्टिकर आहे.) २०२३ ला फुलहॅमच्या मित्रोविचने रेफरीचा हात धरला, आठ सामने. १९९८ ला डी कानियोने रेफरीला ढकलून खाली पाडलं, अकरा सामने आणि दहा हजार पौंड. फिफाच्या संहितेत अधिकाऱ्याशी गैरवर्तनाला किमान चार सामने आणि हल्ल्याला किमान पंधरा. आमचं प्रकरण मधलं कुठलं तरी. पण आकडा ठरवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की सामन्यांचा हिशोब आमच्याकडे लागूच होत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत फायनलपर्यंत गेलेला संघही चार सामने खेळतो. पाच सामने म्हणजे सव्वा वर्ष, अकरा म्हणजे पोरगा तिशीला टेकला. शिवाय बंदी आमच्या मेरेपुरतीच. दोन आठवड्यांनी तो सत्तरीतल्या एका स्पर्धेत दुसऱ्याच संघाच्या जर्सीत खेळताना दिसला. आयोजकांना त्याच्या लाल कार्डाचा पत्ताही नव्हता. गावोगावच्या स्पर्धांची एकत्र नोंद ठेवणारं कोणी नाही. माझ्या मते नियमातल्या शेपटापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. पण त्यावर बोललं की सगळे चहा मागवतात.

मी सुचवलं की बंदीऐवजी त्याला वर्षभर मुलांच्या सामन्यांत बावटा घेऊन उभा करू. मला ती कल्पना फार सूचक वाटली होती. वकीलबाईंनी एका वाक्यात निकालात काढली. ‘लाइन धरायला लावणं ही शिक्षा असेल, तर आपण लाइन्समनला काय समजतो ते सगळ्यांना कळेल.’

शेवटी पुढचा एक पूर्ण मोसम बंदी. प्रेक्षक म्हणूनही मैदानाच्या आत नाही.

निर्णय सांगायला त्याला बोलावलं तेव्हा तो शिफ्टवरून तसाच आला, खांद्याला डब्याची पिशवी. ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘सर, ऑफसाइड होता ना पण?’

‘होता,’ मी म्हणालो.

‘मग?’

बाब म्हणाले, ‘मग काय? हात कुणाचा?’

तो काही बोलला नाही. पिशवीची दोरी नीट करत राहिला. लाइन्समनचा नंबर मागितला, आम्ही दिला. त्याने फोन केला की नाही, मी विचारलेलं नाही.

तीन नंबरलाही साक्षीला बोलावलं होतं. तो चुलतभावाचे बूट घालून खेळला होता, एक नंबर मोठे. म्हणून घसरला आणि म्हणून बूट काढून बसला. इतपत ठीक. पण जाता जाता म्हणाला, ‘मी येत होतो आत. मेरेवरून काकांनी सांगितलं, बस तिथेच, आत गेलास तर ऑफसाइड तुटेल.’ आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मुद्दाम बाहेर थांबणं हा गुन्हा आहे. खेळ थांबल्यावर त्याला पिवळं कार्ड मिळालं पाहिजे. ज्या लबाडीसाठी तो मूळ नियम केला, तीच लबाडी मेरेवरून कोणीतरी शिकवत होतं. ते काका म्हणजे दुसऱ्या दिवशी हॉटेलात ‘पडलेल्या माणसाला कोण मोजतो’ म्हणणारे गृहस्थ. पोराला आम्ही ताकीद देऊन सोडलं. काकांचा आमच्या नियमावलीत उल्लेख नाही.

निर्णय तीन पानांचा झाला. शेपटासकट सगळा नियम मराठीत लिहून काढला आणि पंचायतीच्या फलकावर लावला. ‘चेंडू खेळला’ आणि ‘चेंडू लागला’ यांतला फरक कसा लिहायचा यावर वकीलबाईंचा आणि माझा तासभर वाद झाला. यंदा गोललाइन मेरेपासून चार पावलं आत घेतली आहे.

फलक वाचून पिवळ्यांचा कर्णधार बाबांच्या घरी आला. चतुर्थी होऊन गेली होती. त्याने खिशातून पाचशेच्या दोन नोटा काढून ओट्यावर ठेवल्या. प्रोटेस्ट फी. ‘चूक तुम्हीच लिहून दिलीत, बाब. आता तरी सामना परत घ्या.’

बाबांनी त्याला दोन तासांचा नियम वाचून दाखवला आणि नोटा परत दिल्या. देताना एक नोट उजेडात धरून बघितली, कोपऱ्यात फाटली होती. म्हणाले, ही बँकेत बदलून घे, दुकानदार घेणार नाही.